फोन सगळं करून देतो, मग चकली रबरी का दिसते?

तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहिते. गणपतीपासून दिवाळीपर्यंत लालबाग, गिरगाव, दादर, पार्ले, मुलुंड इथून घरबसल्या फराळाच्या ऑर्डरी घेणाऱ्या बायका एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारतात : "फोनमध्ये एआय आलंय, फोटो तोच सुधारतो, मजकूर तोच लिहितो, मग आमची पोस्ट खोटी का वाटते? लॅपटॉप न घेता, कुणाला पैसे न देता हे नीट जमेल का?"

जमतं, साध्या फोनवरही जमतं. फक्त एआयला पदार्थाच्या आजूबाजूचा पसारा आवरायला लावायचा आणि पदार्थाला हात लावू द्यायचा नाही. पोस्ट खोटी वाटते ती बहुतेक वेळा एआयने पदार्थाला हात लावल्यामुळे.

चकलीचंच बघा. चकली ओळखायची तिच्या काट्यांवरून. संध्याकाळी ओट्यावरच्या ट्यूबखाली फोटो काढला की फोनला उजेड कमी पडतो. मग तो एकापाठोपाठ घेतलेल्या फ्रेम एकत्र करतो आणि कमी उजेडामुळे फोटोत उमटलेले ठिपके, म्हणजे दाणे, पुसून टाकतो. कमी उजेडातला दाणा आणि काट्याचं बारीक टोक यांतला फरक त्याला नीट कळत नाही, म्हणून काटे गोल होतात आणि तळणीचे बारीक फुगे नाहीसे होतात. फोटो मऊ वाटला म्हणून आपण 'एन्हान्स' दाबतो. त्याने गेलेले काटे परत येत नाहीत, नुसत्या कडा ठळक होतात, आणि चकलीभोवती पांढरट रेघ उमटून ती रबरी नळीच्या वेटोळ्यासारखी दिसू लागते.

यावरचा उपाय फोटो काढण्याआधी करायचा असतो. आधी लेन्स पुसा. तेलकट बोटाचा ठसा फोटो धुरकट करतो आणि तो धूर घालवायला फोन रंग भडक करतो. सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान ताट खिडकीपासून दीड-दोन हातांवर ठेवा, ट्यूब बंद करा आणि उजेड बाजूने येऊ द्या. असा उजेड आला की प्रत्येक काट्याला स्वतःची सावली मिळते. फ्लॅशने सगळं सपाट होतं. ग्रिलच्या पट्ट्या ताटावर पडत असतील तर खिडकीला पातळ पांढरा पंचा बांधा आणि ताटाच्या दुसऱ्या बाजूला पांढरी कार्डशीट उभी करा. आपल्याकडचा पावसाळी ढगाळ दिवस तर या कामाला उत्तम, कारण सगळं आकाशच पांढऱ्या पडद्याचं काम करतं. पोर्ट्रेट मोड टाळा. वस्तूची कड कुठे संपते याचा तो अंदाज बांधतो, आणि करंजीची मुरड किंवा मोदकाचं टोक नेमकं त्या धूसर भागात जातं.

आता पुसण्याचं काम. गूगल फोटोजमधलं मॅजिक इरेजर २०२१ मध्ये गूगलच्या पिक्सेल ६ फोनबरोबर आलं आणि २०२४ मध्ये इतर फोनवरही फुकट मिळू लागलं. सॅमसंगचं जनरेटिव्ह एडिट २०२४ च्या एस२४ पासून आहे, आणि आयफोन १५ प्रो व त्यापुढच्या फोनांत क्लीन अप आहे. पुसलेल्या जागी काय असेल याचा अंदाज बांधून ती जागा भरायची, एवढंच ही सगळी साधनं करतात. त्यामुळे अंदाज सोपा जाईल अशाच वस्तू पुसायला द्या. रिकाम्या ओट्यावरचा चिमटा छान जातो. ताटाला टेकलेली सांडशी पुसली तर ताटाची कड लाटेसारखी होते. टाइल्सच्या रेघा वाकतात. वस्तूला बोटाने वेढा घालताना तिची सावलीही आत घ्या, नाहीतर ओट्यावर बिनधन्याची सावली उरते. स्टीलच्या ताटात त्या वस्तूचं प्रतिबिंब राहतं, ते वेगळं पुसावं लागतं. एका वेळी एकच वस्तू पुसा आणि दर वेळी दोन बोटांनी फोटो मोठा करून बघा.

फोटोच्या कडेबाहेरचा भाग एआयकडून भरून घेऊन फ्रेम रुंद करण्याची सोय मात्र फराळाच्या फोटोंना वापरूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. अर्धी कापली गेलेली चकली एआय आपल्या मनाने पुरी करतो, आणि तिची वेटोळी एकमेकांना मिळतच नाहीत. गिऱ्हाइकाला चूक बोटावर दाखवता येत नसेल, पण काहीतरी बिघडलंय हे जाणवतं. त्यापेक्षा काढतानाच चारी बाजूंना जागा सोडा. रीलला ९:१६ लागतं, पोस्टला ४:५. एकच फोटो दोन्हीकडे चालवायचा तर ताट मधल्या भागात हवं.

पाकिटाचा फोटो असेल तर आणखी एक तपासणी हवी. या साधनांना अक्षरं म्हणजे नुसते आकार वाटतात. पाकिटाजवळचं काही पुसताना वजन, किंमत, एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा परवान्याचा) १४ अंकी क्रमांक किंवा शाकाहाराची हिरवी खूण यांचे आकार बिघडू शकतात. फोटो बदलल्यावर हा क्रमांक मूळ पाकिटाशी अंक न् अंक ताडून बघा.

हीच गोष्ट फोटोवर लिहिण्याची. एआयने बनवलेल्या चित्रात मराठी शुभेच्छा मागितल्या की जोडाक्षरं मोडतात, वेलांटी भलत्याच अक्षराला लागते. अक्षरं चित्रात काढून घेऊ नका, एडिटिंगच्या अ‍ॅपमध्ये टाइप करा. मुंबईच्याच 'एक टाइप' नावाच्या गटाने केलेले मुक्ता आणि बालू हे फॉन्ट फुकट आहेत. फॉन्ट निवडताना 'दुसऱ्या' आणि 'कुल्फी' हे दोन शब्द टाइप करून बघा. 'ऱ्य' नीट येतोय का, 'ल' मराठी वळणाचा आहे की हिंदी, ते लगेच कळतं.

व्हिडिओत सगळ्यात जास्त बिघडतो तो आवाज. खिडकीखाली रिक्षा, डोक्यावर पंखा, शेजारी कुकर. म्हणून आपण आवाज साफ करण्याची पट्टी शेवटपर्यंत सरकवतो. होतं असं, की 'स', 'श', 'च' ही अक्षरं त्या यंत्रणेला खरखरीसारखीच ऐकू येतात, आणि 'सुटसुटीत चकली' बादलीत तोंड घालून म्हटल्यासारखं ऐकू येतं. त्याहून मोठं नुकसान म्हणजे तळणीचा चर्र आवाजही ती गोंगाट समजून काढून टाकते. तो आवाज म्हणजे निम्मी जाहिरात! तेव्हा दोन्ही वेगवेगळं रेकॉर्ड करा. पंखा बंद ठेवून, फोन कढईपासून हातभर लांब धरून वीस सेकंद नुसतं तळण घ्या आणि त्याला एआय लावू नका. बोलणं नंतर, कपड्यांच्या उघड्या कपाटासमोर बसून, फोन तोंडापासून वीतभर ठेवून. मग सफाईची पट्टी निम्म्यापर्यंत नेली तरी पुरते.

ट्यूबखालच्या व्हिडिओत सरकणारे पट्टे दिसतात, ते एआयने क्वचितच नीट जातात. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दिवा सेकंदाला शंभरदा लुकलुकतो. कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये (जिथे सेटिंग हाताने बदलता येतं) शटरचा वेग १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवला की पट्टे थांबतात.

मजकुराकडे येऊ. "चकलीवर छान कॅप्शन लिही" असं सांगितलं की उत्तर साधारण असं येतं : "आमच्या कुरकुरीत चकलीसह परंपरेचा स्वाद अनुभवा! शुद्ध तुपात, प्रेमाने बनवलेली…" अशी मराठी गिरगावात कुणी बोलत नाही. शिवाय तूप त्याने स्वतःच्या पदरचं घातलं. तुम्ही शेंगदाणा तेलात तळत असाल तर ती वाचणाऱ्याची फसवणूक होते, आणि जबाबदारी फोनची नाही, तुमची. म्हणून माहिती तुम्ही द्यायची, समजा अशी :

"लालबागमध्ये घरी केलेली भाजणीची चकली. तांदूळ, हरभराडाळ, उडीदडाळ, मूगडाळ, धणे, जिरे. शेंगदाणा तेल. अर्धा किलो ३०० रुपये. दोन दिवस आधी सांगावं. परळ ते दादर घरपोच. एवढ्यावरून चाळीस शब्दांच्या आत तीन मजकूर लिही. यात नाही ते घालू नकोस. 'अनुभवा', 'परंपरा', 'प्रेमाने' हे शब्द नकोत. शेजारणीला सांगतोय तसं लिही."

किंमत आकड्यांतच द्या. 'अडीचशे', 'पावणेतीनशे' यांचा हिशेब भलतीकडे जाऊ शकतो. एआयकडून मजकूर लिहून घेण्याहून मला बरी वाटते ती उलटी पद्धत. गूगलच्या कीबोर्डवर २०१७ पासून मराठीत बोलून टाइप करता येतं. माइक दाबा आणि मिनिटभर बोला : भाजणी कधी दळून आणली, आजचा घाणा कसा उतरला, किती किलो शिल्लक आहे. मग जेमिनी या गूगलच्या एआयला एवढंच सांगा : "शब्द माझेच ठेव, पुन्हा पुन्हा आलेलं काढ, शुद्धलेखन बघ." 'आजचा घाणा' हा शब्द त्याच्याकडून आपणहून येणं कठीण, आणि वाचणाऱ्याला त्याच शब्दाने खात्री पटते. पहिल्या ओळीत पदार्थ, वजन, किंमत येऊ द्या. पुढचं 'मोअर'च्या आड जातं.

'हे एआयने केलंय' अशा लेबलाबद्दलही विचारलं जातं. २० फेब्रुवारी २०२६ पासून लागू झालेल्या केंद्र सरकारच्या नियमांनुसार खऱ्यासारखं भासणारं एआयने घडवलेलं दृश्य किंवा आवाज यावर स्पष्ट लेबल हवं. रंग सुधारणं, आवाज साफ करणं अशा नेहमीच्या कामांना त्यातून सूट आहे. इन्स्टाग्राम फाइलमधल्या खुणा वाचून स्वतःहूनही 'एआय इन्फो' हे लेबल लावतं, आणि सॅमसंग जनरेटिव्ह एडिट केलेल्या फोटोच्या कोपऱ्यात चिन्ह ठेवतो. ते कापून टाकू नका. ताट खरं आणि मागचा दिव्यांचा देखावा एआयचा असेल, तर मजकुरात तसं एका ओळीत लिहा.

गिऱ्हाइकांच्या कौतुकाचे व्हॉट्सअ‍ॅप स्क्रीनशॉट टाकण्याआधी त्यांना विचारा, आणि नंबर हायलाइटरच्या पेनाने खोडू नका. ती शाई अर्धपारदर्शक असते, उजेड-कॉन्ट्रास्ट वाढवला की खालचे आकडे वाचता येतात. तेवढा भाग सरळ कापून टाका, नाहीतर वर गच्च रंगाचा चौकोन ठेवा, आणि त्या चौकोनासकट पुन्हा स्क्रीनशॉट काढून तोच टाका.