दोघांनी नोकरी सोडून पोळीभाजी केंद्र काढलं, त्याचा माझा अनुभव

डोंबिवलीत पोळीभाजी केंद्र काढणं म्हणजे कोकणात जाऊन नारळ विकणं, असं माझा दीर म्हणाला होता. चुकीचं नव्हतं. स्टेशनपासून आमच्या घरापर्यंत चालत पंधरा मिनिटं, तेवढ्यात मी मोजली तर सात केंद्रं. पण ११ वर्षं ठाण्याच्या ऑफिसातून परत येताना मी त्यातल्याच एकातून पोळ्या घ्यायचे आणि साडेआठ वाजून गेले की 'संपल्या' हे एवढ्या वेळा ऐकलंय की सात असोत नाहीतर सतरा, उशिराच्या गाडीने येणाऱ्याला पोळी मिळत नाही हे मला पक्कं माहीत होतं.

सुरुवात म्हणाल तर २०२१ च्या दुसऱ्या लाटेत झाली. आमच्या बिल्डिंगमध्ये एकाच वेळी पाच घरं आजारी, मग मी डबे करायचे आणि नवरा दारात ठेवून बेल वाजवून पळायचा. दोन डब्यांचे बघता बघता चौदा झाले. लाट ओसरली तरी त्यातली तीन म्हातारी जोडपी 'तुमचाच डबा हवा' म्हणून राहिली, आणि मी बँकेत बॅक ऑफिसला बसून दुसऱ्यांच्या लोनच्या फायली तपासताना डोक्यात उद्याची भाजी काय हेच चालायचं.

२०२२ च्या जूनमध्ये आम्ही दोघांनी रिझाइन केलं. दोघांनी, एकाच आठवड्यात. ही पहिली चूक आणि अजूनही मी हीच सगळ्यात मोठी मानते. त्याची अकाउंट्सची नोकरी अंधेरीला, जायला यायला साडेतीन तास, तो कंटाळला होता हे खरं, पण सहा महिने कोणीतरी एकाने पगार आणायलाच हवा होता. तेव्हा वाटलं एकट्याने होणार नाही, करायचं तर पूर्ण करायचं. घराचा हप्ता २१,४०० रुपये, मुलगा पाचवीत, सासूबाईंच्या गोळ्या. हे सगळं कागदावर लिहून, त्याच्या खाली आठ महिने पुरतील एवढे पैसे आहेत असा हिशोब त्यानेच एक्सेलमध्ये काढला होता. पाच महिने पुरले.

नोकरी सोडतानाच्या ज्या गोष्टी कोणी सांगत नाही त्या आधी सांगते. ग्रॅच्युइटी मला दीड लाखाच्या थोडी वर मिळाली (शेवटचा बेसिक गुणिले १५ भागिले २६ गुणिले वर्षं, एचआरवर विसंबू नका, स्वतः काढून बघा). पीएफ तेव्हाच्या नियमाने नोकरी सुटून महिना झाला की ७५ टक्के आणि दोन महिन्यांनी पूर्ण काढता यायचा. माझा काढला, त्याच्याला हात लावायचा नाही असं ठरवलं आणि आजवर लावलेला नाही. मेडिक्लेमचं मात्र आम्ही साफ विसरलो. ऑफिसची ग्रुप पॉलिसी शेवटच्या दिवशी संपते, आणि त्याला बीपी आहे. ग्रुपमधून त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जायची सोय असते पण ती निघायच्या आधी मागायची असते, आम्ही गेलो नंतर, त्यामुळे नवीन पॉलिसी आणि बीपीसाठी वेटिंग पिरियड (ज्या काळात त्या आजाराचा खर्च मिळत नाही) पुन्हा पहिल्यापासून. तेवढी वर्षं आम्ही त्याला खारा पापडसुद्धा मोजून देतोय.

गाळा मिळाला तो एका जुन्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर, १८० स्क्वेअर फूट, भाडं १८,००० आणि डिपॉझिट दीड लाख. गाळेमालक भला माणूस, सोसायटी नाही. किंवा असं म्हणूया की सोसायटीला फोडणीचा वास नको होता पण पोळ्या हव्या होत्या. एनओसीसाठी तीन मीटिंगा झाल्या. पहिल्या मजल्यावरच्या काकांनी लेखी दिलं होतं की हिंगाच्या वासाने त्यांना झोप लागणार नाही. शेवटी चिमणीचा पाइप बिल्डिंगच्या मागच्या बाजूने थेट गच्चीच्या वर न्यायचा या अटीवर सही झाली, त्या पाइपाचेच ४२,००० गेले. काका आता रोज चार पोळ्या आणि अर्धी उसळ नेतात, वासाचा विषय निघत नाही.

लायसन्सचं लोक उगाच घाबरवतात. गुमास्ता म्हणतात ते, म्हणजे दुकानाची नोंदणी, आम्ही केलं तेव्हा दहापेक्षा कमी माणसं असतील तर फक्त ऑनलाइन कळवायचं होतं, त्याची पावती मिळाली. उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे लहान धंद्याची सरकारी नोंदणी, फुकट आहे, त्याचे पैसे मागणाऱ्या वेबसाइटी आहेत त्यांच्यापासून लांब राहा. अन्न परवान्याचं सांगायचं तर, आम्ही केलं तेव्हा वर्षाची उलाढाल १२ लाखांच्या आत असेल तर नुसती नोंदणी, वर्षाला १०० रुपये, आणि वर असेल तर स्टेट लायसन्स, आमच्यासारख्यांना वर्षाला २,०००. मी म्हटलं १०० वालं घेऊ. नवऱ्याने कॅल्क्युलेटर काढला. १२ लाख म्हणजे दिवसाला साधारण ३,३०० चा गल्ला. त्यातून भाडं, गॅस, कणीक, भाजी, पोळ्या लाटणाऱ्या मावशी. म्हणाला, एवढाच गल्ला येणार असेल तर लायसन्सचा प्रश्नच नाही, सहा महिन्यांत बंद करू. म्हणून सरळ २,००० वालं घेतलं. अख्ख्या धंद्यात त्याचं ते वाक्य मला सगळ्यात उपयोगी पडलं, अजून कधी गल्ला ३,३०० च्या खाली गेला की पोटात गोळा येतो. गाळ्याचा नकाशा, पाण्याचा लॅब रिपोर्ट, काम करणाऱ्यांचे मेडिकल, सगळं पोर्टलवर टाकायचं. एकदा नकाशात हात धुवायची जागा दाखवली नाही म्हणून परत आलं, दुसऱ्यांदा झालं. १४ आकडी नंबर येतो, तो दुकानात लावायचा आणि बिलावरही छापायचा.

सगळं माझ्या नावावर केलं. त्याला कारण असं की मुद्रा लोन, म्हणजे लहान धंद्यांसाठीचं सरकारी योजनेतलं कर्ज, बाईच्या नावावर लवकर होतं असं कोणीतरी सांगितलं होतं. लवकर बिवर काही नाही, चार हेलपाटे. ज्या शाखेत गेलो तिथला माणूस कागद माझे वाचायचा आणि प्रश्न नवऱ्याला विचारायचा. 'साहेब, तुमची सॅलरी स्लिप?' साहेबांनी नोकरी सोडलेली. 'मग मॅडमची?' मॅडमनीही. त्याने पेन खाली ठेवलं आणि आमच्याकडे असं बघितलं की मला माझी जुनी खुर्ची आठवली, त्या खुर्चीत बसून मीही अशा फायलींवर शेरे मारलेत. किशोर गटात, म्हणजे ५० हजार ते ५ लाखवाल्या, ४ लाख मंजूर झाले ते चौथ्या फेरीत, तेही मशीनची कोटेशनं, भाडेकरार आणि डब्यांचे वर्षभराचे यूपीआयचे जमा झालेले पैसे दाखवल्यावर. ते चौदा डबे तिथे कामाला आले.

दसऱ्याला, ५ ऑक्टोबर २०२२ ला उघडलं. पहिल्या दिवशी ओळखीचे सगळे आले, ११,००० चा गल्ला, आम्ही हवेत. तिसऱ्या दिवशी १,९०० रुपये.

आता खरं काम काय असतं ते. पहाटे पावणेपाचला कणीक. किलोला मध्यम आकाराच्या ३२ ते ३५ पोळ्या होतात, आम्ही घडीची पोळी करतो, फुलके नाही, फुलका थंड झाला की चामडं होतो आणि आमचं गिऱ्हाईक घरी जाऊन पाऊण तासाने जेवतं. गहू लोकवन सुटा घेतो आणि चक्कीतून दळून आणतो, कारण जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पॅकबंद पिठावर ५ टक्के जीएसटी लागला. सकाळी साडेसहा ते आठ डबेवाले नोकरदार, मग दुपारभर माश्या मारा, आणि संध्याकाळी साडेसहापासून गाडी आली की एकदम पंधरा माणसं, मग पाच मिनिटं कोणी नाही, मग पुढची गाडी. मेगाब्लॉकच्या रविवारी तर बोलायलाच नको. भेंडी कधी पुरत नाही आणि दुधी कधी संपत नाही. पहिल्या महिन्यात मी दुधी करत राहिले कारण दुधी चांगला असतो. लोकांनाही माहितीये चांगला असतो, ते बटाटा घेतात.

नवरा काउंटरला, मी आत, असं ठरलं होतं. ठरलं होतं फक्त. तो आत येऊन तेल किती घातलंस विचारायचा, मी बाहेर जाऊन सुट्टे पैसे नीट दे म्हणायचे. १३ वर्षं लग्नाला झाली होती पण आम्ही दिवसाला तीन-चार तासच एकमेकांसोबत जागे असायचो हे तेव्हा कळलं. आता सोळा तास, १८० स्क्वेअर फुटात, भट्टीसमोर. एकदा अर्धा किलो उरलेल्या फ्लॉवरवरून असं भांडण झालं की मोबाइलमध्ये बघत उभं असलेलं गिऱ्हाईक 'वहिनी, मी नंतर येतो' म्हणून गेलं. रात्री घरी येऊन भांडण पुढे चालू ठेवायलाही अंगात त्राण नसायचं, म्हणून बरीच भांडणं तशीच अर्धवट आहेत.

१० जानेवारी २०२३ ला अंगारकी होती. ४०० मोदकांची ऑर्डर घेतली होती, आम्ही दोघं, सासूबाई आणि पोळ्यांच्या मावशी. मावशींना आम्ही पोळीमागे अडीच रुपये देतो, दोनशे-सव्वादोनशे पोळ्या अडीच-तीन तासांत लाटून भाजून मोकळ्या होतात, मला अजून जमत नाही. मोदकांचे वेगळे ठरवले होते. रात्री दहाला त्यांना पैसे दिले, त्यांनी मोजून कमरेच्या पिशवीत ठेवले आणि सहज विचारलं, ताई, तुमचा रोज किती पडतो?

मी हसले. मग घरी चालत येताना मनातल्या मनात हिशोब केला. ऑक्टोबरपासून मी एक रुपयाही घेतला नव्हता. नवऱ्यानेही नव्हता, पण गल्ला त्याच्या हातात, चहा, पेट्रोल, मुलाची फी तिथूनच जायची आणि मला पार्लरला तीनशे हवे असले तर मी मागायचे. मागायचे! महिन्याला ४६,००० घरी आणणारी बाई. त्याने कधी नाही म्हटलं नाही, उलट 'आपलंच आहे ना' म्हणायचा आणि त्याच वाक्याची मला चीड यायची, कारण आपलंच आहे म्हणजे कोणाचं ते कधी कळत नाही.

महिनाभर गेला त्यावर. तो म्हणायचा धंद्यात पैसा नाही तर पगार कुठून घेणार, मी म्हणायचे मग मावशींना कुठून देतो. शेवटी ठरलं की महिन्याच्या एक तारखेला दोघांच्या आपापल्या खात्यात प्रत्येकी १२,०००, भाड्याच्या आधी. हे सांगायला सीएकडे गेलो तर तो म्हणाला, मॅडम, प्रोप्रायटर तुम्ही आहात, मालकाला पगार नसतो, ते ड्रॉइंग्ज, म्हणजे मालकाने स्वतःसाठी काढलेले पैसे, धरतात, खर्चात येत नाही. पण तुमचे मिस्टर खरंच काम करत असतील तर त्यांना तुम्ही पगार देऊ शकता, तो खर्चात येईल. नवऱ्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. तेव्हापासून त्याला दर महिन्याला पगाराची पावती मिळते, मालक म्हणून माझी सही असते.

१ मार्चला पगार दोघांच्या खात्यात गेले आणि त्याच दिवशी कमर्शियल सिलिंडर एका फटक्यात ३५० रुपयांनी वाढून २,००० च्या वर गेला, होळी पाच दिवसांवर आणि पुरणपोळीच्या ऑर्डरी जुन्या भावाने घेऊन बसलेलो. पुरण शिजायला किती गॅस लागतो ते ज्याने केलंय त्यालाच माहीत. त्या होळीला आम्ही ३१० पुरणपोळ्या केल्या आणि हातात काय राहिलं ते मी सांगत नाही. तेव्हापासून सणाची ऑर्डर घेताना निम्मे पैसे आधी आणि भाव आठवडाभरच पक्का. जुलैमध्ये टोमॅटो शंभरच्या पार गेला तेव्हा मात्र शहाणपणाने वागलो, भाजीत टोमॅटो बंद, आमसूल चालू, दोन जणांनी उलट विचारलं की आज आमटी आईच्या हातची कशी लागतेय.

एप्रिल २०२४ मध्ये त्याने पुन्हा अर्धवेळ काम धरलं, दोन लहान कंपन्यांची अकाउंट्स, दुपारी घरूनच, जेव्हा दुकानात माश्याच असतात. लोकांना वाटतं धंदा चालत नाही म्हणून. धंदा चालतो, रोजच्या साडेपाचशे पोळ्या जातात, मावशींच्या जोडीला त्यांची भाची आली. पण घराचा हप्ता त्या दोन कंपन्यांतून सुटतो आणि आता मी रात्री झोपते. हेच पहिल्या दिवशी केलं असतं तर माझा पीएफ शिल्लक असता.

भांडणं होतात अजून. तेलावरून नाही, आता रविवारी बंद ठेवायचं का यावरून. तो म्हणतो कर्मचाऱ्याला आठवड्याची सुट्टी असते. गेल्या दिवाळीत त्याने बोनसही मागितला, लेखी अर्ज करून, खाली 'आपला नम्र' वगैरे. मी म्हटलं आधी फराळाचा हिशोब लागू दे. चकलीच्या भाजणीचे तीन किलो कुठे गेले ते अजून लागत नाहीये.