सफरींचा भिंतनकाशा: आता परतीच्या रेषा

जुन्या समुद्रसफरींचा जो भिंतनकाशा मी काढतो आहे, त्यात जाण्याच्या बहुतेक रेषा शाईत उतरल्या आहेत: दियाश १४८८, कोलंबस १४९२, वास्को द गामा १४९७, मॅगेलन १५१९. या टप्प्यात फक्त परतीचे प्रवास घेतले. जाणं अखंड रेषेत, येणं तुटक रेषेत, आणि वाऱ्यांचे बाण फिकट निळ्यात. तुटक रेषा पडू लागल्या तसा नकाशा वेगळंच काही सांगायला लागला. कोण कुठे पोहोचला हे आपल्या सगळ्यांना पाठ असतं. पण एखादा शोध रुजला की विरून गेला, हे बऱ्याचदा परतीच्या रेषेवर ठरलेलं दिसतं.

आधी प्रक्षेपणाचा (गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवायच्या पद्धतीचा) विषय उरकतो, कारण त्यावर नेहमीच वाद रंगतो. मर्केटरच ठेवलं आहे. होकायंत्राची एकच दिशा धरून काटलेली वाट त्यात सरळ दिसते, आणि आपल्याला तेच हवं आहे. ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं हे मान्य (प्रत्यक्षात आफ्रिका सुमारे चौदा पट मोठी), म्हणून उत्तरेचा भाग ६५ अंशांवर कापला. कड कुठेही घेतली तरी एखादी सफर तुटतेच, त्यामुळे अटलांटिक डावीकडे आणि उजवीकडे असा दोनदा काढला आहे. जुन्या नोंदींतले अक्षांश बऱ्यापैकी भरवशाचे, कारण ते सूर्याच्या किंवा ध्रुवताऱ्याच्या उंचीवरून मिळत. रेखांश मात्र अंदाजपंचे. म्हणून भर समुद्रातल्या मुक्कामांना बिंदू न देता पूर्व-पश्चिम पसरलेली पेन्सिलची पट्टी दिली आहे.

पहिली तुटक रेषा पोर्तुगीजांची. आफ्रिकेच्या किनाऱ्याने दक्षिणेला उतरणं सोपं, वारा पाठीशी. परत येताना तोच ईशान्य वारा नाकासमोर. यावरचा त्यांचा तोडगा नकाशावर पाहिला की वेडेपणा वाटतो: घराकडे जायचं तर किनारा सोडून आधी वायव्येला खोल समुद्रात घुसायचं, अझोर्सच्या आसपास पश्चिमी वारे गाठायचे आणि त्यांवर स्वार होऊन पोर्तुगाल. कोलंबसची १४९३ ची परतीची रेषा काढली तर तीही याच वळणाची निघते. कॅनरी बेटांपासून बहामापर्यंत दक्षिणेच्या पट्ट्यातून गेला, परतताना मात्र बराच उत्तरेला चढला आणि अझोर्सला लागला. या युक्तीची दक्षिण गोलार्धातली आवृत्ती म्हणजे द गामाचा अटलांटिकमधला तो प्रचंड वळसा, जवळपास तीन महिने जमिनीचं दर्शन नाही. १५०० मध्ये काब्राल तसाच वळसा घेताना ब्राझीलला जाऊन थडकला.

द गामाची परतीची रेषा काढताना मात्र हात थांबतो. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या मालिंदीहून जाणत्या वाटाड्याला घेऊन, नैऋत्य मोसमी वाऱ्याच्या सुरुवातीला, तीनेक आठवड्यांत कालिकतच्या किनाऱ्याशी. मे १४९८. परतताना वाऱ्याचं वेळापत्रक पाळलंच नाही. ईशान्य वारे स्थिर होण्याआधीच, ऑक्टोबरच्या सुरुवातीला, कारवारजवळचं अंजदीव बेट सोडलं. मालिंदी आली ७ जानेवारी १४९९ ला. तेच अंतर, तीन महिने, आणि स्कर्व्हीने (क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या रोगाने) इतकी माणसं गेली की तिसरं जहाज चालवायला हात उरले नाहीत. साऊँ राफाएल जाळून टाकावं लागलं. अरबी समुद्रात शतकानुशतकं ये-जा करणाऱ्या नाखव्यांना जे हंगामाचं साधं गणित होतं, ते न जुमानल्याची ही किंमत. दोन्ही रेषा एकाच जाडीत काढल्या तर यातलं काहीच दिसत नाही, म्हणून प्रत्येक दहा दिवसांना एक आडवी खूण केली. जाताना जेमतेम दोन खुणा, येताना रांगच.

पण सगळ्यात जास्त वेळ पॅसिफिकने खाल्ला, आणि तो घालवण्याजोगाच आहे. मॅगेलनच्या ताफ्यातलं व्हिक्टोरिया पश्चिमेकडेच जात राहिलं आणि सप्टेंबर १५२२ मध्ये अठरा जण घेऊन स्पेनला पोहोचलं, हे सर्वांना ठाऊक. दुसरं जहाज त्रिनिदाद पूर्वेकडून, म्हणजे पॅसिफिक ओलांडून परतायला निघालं होतं. ते उत्तरेला ४० अंशांच्याही पुढे गेलं. थंडी, वादळ, उपासमार. शेवटी मागे फिरलं आणि पोर्तुगीजांच्या हाती पडलं. त्यानंतर साव्हेद्रा या स्पॅनिश कप्तानाने १५२८ आणि १५२९ मध्ये प्रयत्न केले, १५४० च्या दशकात आणखी दोन झाले, सगळे फसले. नकाशावर या अर्धवट तुटक रेषांचं नुसतं जंजाळ झालं आहे. चाळीसेक वर्षं फिलिपिन्सच्या दिशेला जाता येत होतं, पण त्याच समुद्रातून परत येता येत नव्हतं, आणि तोवर त्या बेटांवर स्पेनचा पाय टिकला नाही.

मग १५६५. आंद्रेस दे उर्दानेता, तरुणपणी याच पाण्यात येऊन अडकून पडलेला आणि पुढे साधू झालेला. १ जूनला सेबू सोडून तो ईशान्येला चढला, सुमारे ३९ अंशांपर्यंत, पश्चिमी वारे पकडले आणि ८ ऑक्टोबरला आकापुल्कोला उतरला. त्याच मोहिमेतून फुटलेलं आरेयानोचं छोटं जहाज त्याच्याही आधी पोहोचलं होतं, म्हणून मी तीही रेषा काढली आहे. पण पुढे वापरात आली ती उर्दानेताची वाट. पोर्तुगीजांची अटलांटिकमधली वळशाची तीच युक्ती (व्होल्टा दो मार), फक्त मोठ्या मापात.

या एका तुटक रेषेने काय केलं पाहा. १८१५ पर्यंत, अडीचशे वर्षं, मनिला गॅलिअन (स्पेनची मोठी व्यापारी जहाजं) तिच्यावरून ये-जा करत राहिली. अमेरिकेतली चांदी मनिलामार्गे चीनमध्ये, चिनी रेशीम आणि चिनी मातीची भांडी उलट दिशेने. अमेरिकेतलं रताळंही मनिलाच्या बाजूने चीनच्या किनाऱ्याला लागलं. फिलिपिन्स स्पेनच्या हाती मेक्सिकोच्या बाजूने आल्यामुळे तिथलं कॅलेंडरही अमेरिकेच्या तारखेने चाले, शेजारच्या मकावपेक्षा एक दिवस मागे. ते जुळवायला १८४४ साली मनिलाने ३१ डिसेंबर वगळलाच. रेषांवर तारखा टाकताना हे लक्षात ठेवा. व्हिक्टोरियाच्या लोकांनाही केप व्हर्डला कळलं होतं की जहाजावर बुधवार आणि जमिनीवर गुरुवार.

पॉलिनेशियाचा थर अजून पेन्सिलीतच आहे. टुपाइआ या पॉलिनेशियन दर्यावर्द्याने १७६९ मध्ये ब्रिटिश कप्तान कुकच्या जहाजावर सत्तरहून अधिक बेटांचा जो तक्ता काढला, तो अक्षांश-रेखांशांच्या चौकटीत कोंबायची माझी तयारी नाही. त्याला वेगळा कागद द्यावा असं वाटतं. पण वाऱ्याचे बाण लावल्यावर पॉलिनेशियन लोकांचं शहाणपण डोळ्यांत भरतं. तिथला नेहमीचा वारा पूर्वेकडून, आणि यांचा विस्तार पूर्वेकडे. अधूनमधून पश्चिमेचा वारा सुटला की निघायचं, जमीन नाही सापडली तर नेहमीचा वारा घरी आणून सोडतो. परतीचा हिशेब निघण्याआधीच झालेला.

आता माझ्याच म्हणण्याला छेद देणाऱ्या रेषा. नॉर्स (व्हायकिंग) लोक कॅनडाच्या न्यूफाउंडलंडला १०२१ साली झाडं तोडत होते हे लाकडाच्या वलयांवरून पक्कं आहे, त्यांना परतही येता येत होतं, तरी काही रुजलं नाही. चिनी नौसेनापती झंग हची १४०५ ते १४३३ ची सातही अभियानं मोसमी वाऱ्यांवर जाऊन आली. पुढे दरबारानेच हात आखडला. म्हणजे परतीची वाट हवीच, पण तेवढी पुरत नाही. या दोघांना मी करडा रंग दिला आहे. आणि डचांचं तर उलटच: १६११ मध्ये ब्राउवर हा डच कप्तान केप ऑफ गुड होपवरून दक्षिणेला ४० अंशांच्या आसपास उतरून पूर्वेला सुटला आणि जाव्हाचा प्रवास कितीतरी महिन्यांनी कमी केला. पण उत्तरेला कधी वळायचं हे रेखांशाशिवाय कळणार कसं? वळायला उशीर झाला की समोर ऑस्ट्रेलिया. १६१६ मध्ये डच कप्तान हार्टोग किनाऱ्याला लागला, १६२९ मध्ये बाटाव्हिया जहाज तिथल्या खडकांवर फुटलं. इथे सगळा परिणाम जाण्याच्या रेषेचा आहे.

पुढच्या टप्प्यात ही डच वाट शाईत घेईन, आणि तिच्या शेजारी कुकची १७७२ ते ७५ ची दुसरी सफर. तिच्यावर केंडलचं के-१ घड्याळ (समुद्रातही अचूक वेळ राखणारं, ज्यावरून रेखांश काढता येतो) होतं, त्यामुळे तिथून पुढे पेन्सिलच्या पट्ट्या बंद करून बिंदू द्यायला हरकत नाही. निळे बाण सध्या वर्षभराच्या सरासरीचे आहेत. हिंदी महासागरात त्यांचा उपयोग शून्य, तिथे जानेवारी आणि जुलैचे दोन वेगळे ट्रेसिंग पेपर लागतील. कुणी तसे करून पाहिले असतील तर बाणांची दाटी किती ठेवली ते सांगा.