कुलूप आमचे, किल्ली तिसऱ्याकडे

द्राक्षाच्या हंगामातल्या एका सकाळी सातच्या सुमारास पिंपळगाव बसवंतच्या पॅकहाऊसच्या मालकांचा फोन आला. पेटीचे वजन घेऊन बारकोडचे लेबल छापणारा आमचा प्रोग्राम ‘परवान्याची पडताळणी झाली नाही’ एवढे एकच वाक्य दाखवून बंद पडला होता. परवान्याचे पैसे त्यांनी डिसेंबरातच भरले होते. चोरीच्या प्रती रोखण्यासाठी आम्ही एका परदेशी कंपनीची बंदिस्त संरक्षण प्रणाली घेतली होती. ती दर सात दिवसांनी त्या कंपनीच्या सर्व्हरकडून परवान्याची खात्री करून घेत असे, आणि नेमका तोच सर्व्हर आदल्या रात्रीपासून उत्तर देत नव्हता.

मी नाशिकहून तिथे पोहोचले, तेव्हा दहा-दहा पनेटच्या (द्राक्षांच्या छोट्या डब्यांच्या) पेट्यांची थप्पी भिंतीला लागली होती. एक ताई स्केचपेनने पेटीवर वजन लिहीत होत्या आणि गारठ्याने ओलसर झालेल्या पुठ्ठ्यावर शाई फुटत होती. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांचा माग अपेडा या केंद्राच्या कृषी निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट या ऑनलाइन नोंदप्रणालीवरून थेट बागेपर्यंत लागावा लागतो, त्यामुळे अशा हस्तलिखित आकड्यांवर कंटेनर न्हावा-शेवाला पाठवणे शक्यच नव्हते.

“मॅडम, पैसे मी तुम्हाला दिले. मग माझं काम सुरू करायला तिसऱ्याची परवानगी कशाला लागते?” मालकांनी विचारले. माझ्याकडे उत्तर नव्हते.

आमच्या मूळ कोडमधून त्या प्रणालीचे धागेदोरे उपसून काढून विनासंरक्षण प्रत तयार करायला दुपारचे तीन वाजले.

बंदिस्त प्रणालीऐवजी सर्वांना माहीत असलेली, डिजिटल सहीची उघडी पद्धत वापरावी का, यावर त्यानंतर कार्यालयात आठवडाभर वाद झाला. उघडी पद्धत म्हणजे चोराला आमंत्रण, असे माझ्या सहकाऱ्याचे मत होते. मी संकेतलिपीचे अभ्यासक केर्कहॉफ्स यांचे 1883 मधील तत्त्व मांडले : यंत्रणा शत्रूला माहीत असली तरी चालेल, गुप्त राहायला हवी ती फक्त किल्ली. डीव्हीडीवरचे बंदिस्त संरक्षण 1999 मध्ये फुटले, तेव्हा त्याची गुप्तता कामी आली नव्हती. मात्र सहकाऱ्याचे एक म्हणणे मला मान्य करावे लागले, आणि आजही मान्य आहे, की कोणी प्रोग्राममधली तपासणीच खोडून टाकली, तर उत्तमातली उत्तम सहीही निरुपयोगी ठरते. बंदिस्त प्रणाली अशा माणसाला निदान काही काळ अडवते. लाखो प्रती खपणाऱ्या खेळांसाठी तो काळ मोलाचा असेल. आमचे ग्राहक मात्र आम्ही नावानिशी ओळखतो, आणि त्यांचा हंगाम मोजक्या महिन्यांचा असतो.

आता परवाना म्हणजे एक साधी मजकूर फाइल आहे : ग्राहकाचे नाव, संगणकाचा क्रमांक, मुदत आणि खाली एड25519 या खुल्या पद्धतीची 64 बाइटची डिजिटल सही. सही करणारी खासगी किल्ली फक्त आमच्याकडे असते आणि प्रोग्राममधल्या सार्वजनिक किल्लीने सही इंटरनेटशिवाय तपासली जाते.

आमची कंपनी उद्या बंद पडली तर काय, हा मालकांचा पुढचा प्रश्न होता. मुदत नसलेली, सही केलेली फाइल पेनड्राइव्हवर घालून मी ती बंद पाकिटात त्यांच्या हाती दिली. पाकीट त्यांच्या तिजोरीत आहे.