नवतप्यातली कॉन्टेसा

नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांत, जुनी गाडी दुपारी रस्त्यावर काढू नये, हे नागपुरातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. मला मात्र दुपारच हवी होती. काकांची कॉन्टेसा सकाळी कितीही फिरवा, तक्रार नाही. ऊन चढलं की नागपूरला लागून असलेल्या वाडीच्या पुढे आचके देत बंद. अर्धा तास उभी ठेवली की पुन्हा पहिल्या सेल्फला सुरू. माझ्याआधी दोघांनी ठिणगी देणारे कॉइल आणि पॉइंट बदलून पाहिले होते.

काकांचं गॅरेज अमरावती रोडवर आहे. आत शिरलो की आजही माझे हात शिवशिवतात. १.६ लिटरची पॅलिओ, ‘जोश मशीन’ म्हणून विकली गेलेली आयकॉन, १०६ हॉर्सपॉवरची होंडा सिटी व्हीटेक, टर्बोवाली ऑक्टेव्हिया आरएस, कोपऱ्यात प्रीमियर ११८एनई. करोडोंची विदेशी गाडी एकही नाही. आपल्याच रस्त्यांवर ज्या कधीकाळी सुसाट पळायच्या आणि पुढे भंगारात गेल्या, त्या या माणसाने वेचून आणल्या आणि चालत्या ठेवल्या. माझ्या लेखी याहून मोठं स्वप्न नाही.

कॉन्टेसा त्यांची सगळ्यात लाडकी. १९८४ मध्ये ती आली तेव्हा एवढ्या मोठ्या अंगात अॅम्बेसेडरचंच १४८९ सीसीचं इंजिन होतं, बिचारी ओढून ओढून थकायची. पुढे इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन आणि पाच गिअर मिळाले तेव्हा कुठे तिच्यात जीव आला. काकांची ती हीच.

वाडी ओलांडली आणि ठरल्यासारखी बंद पडली. बॉनेट उघडलं, पाण्यात बुडवलेलं फडकं फ्युएल पंपावर गुंडाळलं. जुन्या ड्रायव्हर लोकांचा हा उपाय. पाच मिनिटांत गाडी सुरू! म्हणजे व्हेपर लॉक. पेट्रोल पाइपातच उकळून त्याची वाफ होते आणि पंप ती वाफ ओढत बसतो.

पण नागपूरचं ऊन काय आजचं आहे?

“काका, हाच पंप होता ना? मग आधीचे उन्हाळे कसे निघाले?”

“आधी कुठे बंद पडायची रे! दोन वर्षांपासूनच लागलं हे.”

तिथेच माझा संशय पंपावरून पाइपावर गेला. गॅरेजमध्ये परत आणून टाकीकडून पंपाकडे येणारा रबरी होस काढला. बाहेरून ठीक दिसत होता, पण दाबला तर शिजलेल्या वांग्यासारखा मऊ. ब्लेडने उभा चिरला. आतला थर सुटून लोंबत होता. पंपाने ओढ घेतली की ती साल आडवी येऊन वाट अडवायची. वाट अडली की पुढच्या पाइपातला दाब घटतो, आणि दाब घटला की पेट्रोल लवकर उकळतं. त्यात ४५ अंशांची दुपार. आता पेट्रोल पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. त्या काळचं रबर त्यासाठी बनलेलंच नाही. ते फुगतं, मऊ पडतं. लोक रंगावर आणि अलॉय व्हीलवर लाखभर रुपये सहज घालतात, पण हा हातभर होस कोणी पाहत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

इथेनॉल सोसणारा होस टाकला, पंपाचा डायफ्राम, म्हणजे पेट्रोल ओढणारा आतला पडदा, बदलला, आणि एक्झॉस्टला चिकटून गेलेला पेट्रोलचा लोखंडी पाइप दूर सरकवून क्लिपा मारल्या. मग भर दुपारी कोंढाळीपर्यंत. परतताना वाडीच्या ट्रॅफिकमध्ये मुद्दाम गाडी सुरू ठेवून उभे राहिलो. काकांची नजर टेम्परेचरच्या काट्यावर, माझे कान इंजिनाकडे. एकही आचका नाही. सिग्नल सुटला तशी काकांनी तिसऱ्यात दाबली आणि लहान पोरासारखे हसले.

सिटी आणि ऑक्टेव्हिया इंजेक्शनच्या. त्यांचा पंप टाकीतून पेट्रोल ढकलतो, म्हणून तिथे हा त्रास सहसा नाही. तरी त्यांचेही होस तपासायचे ठरले. ११८एनई कॉन्टेसासारखीच कार्बोरेटरवाली, पेट्रोल ओढून घेणारी, म्हणून नंबर पहिला तिचा. संध्याकाळीच तिला जॅकवर घेतली.