'गुस्तार' आणि आपले 'आवडणे'

पुण्यात स्पॅनिश बहुधा इंग्रजीच्या मध्यस्थीने शिकवले जाते. पाठ्यपुस्तकातील सूचना इंग्रजीत असतात, शब्दार्थ इंग्रजीत असतात आणि वर्ग सुटल्यावर टपरीवर चहा पिताना शंकांचे निरसन मात्र मराठीत होते. या व्यवस्थेचा सर्वाधिक फटका ज्या क्रियापदाला बसतो, ते म्हणजे 'गुस्तार'. इंग्रजी पुस्तके त्याची ओळख 'उलटे चालणारे क्रियापद' अशी करून देतात आणि मराठी विद्यार्थीही ते निमूटपणे मान्य करून 'यो गुस्तो एल काफे' असे चुकीचे वाक्य वहीत उतरवतात. घरी 'मी कॉफी आवडतो' असे यांपैकी एकही जण म्हणत नसेल.

'मे गुस्ता एल काफे' म्हणजे 'मला कॉफी आवडते'. यातील 'मे' म्हणजे 'मला'; क्रियापद चालते ते कॉफीप्रमाणे. शाळेत कर्ता ओळखण्याची जी युक्ती शिकवतात, म्हणजे धातूला 'णारा' जोडून प्रश्न विचारण्याची, ती येथे जशीच्या तशी लागू पडते. आवडणारे काय? कॉफी. तोच कर्ता. म्हणून एक आंबा असेल तर 'मे गुस्ता एल मांगो' आणि अनेक असतील तर 'मे गुस्तान लोस मांगोस', जसे आपण 'आंबा आवडतो' आणि 'आंबे आवडतात' असे म्हणतो. उलट, मराठीत लिंगानुसार 'आवडतो', 'आवडते' असा बदल करावा लागतो, तो व्याप स्पॅनिशमध्ये नाही. पाऊस तेथे स्त्रीलिंगी असूनही 'मे गुस्ता ला युबिया' यात क्रियापद तेच राहते.

भूतकाळातही मराठीचा आधार भक्कम आहे. नुकताच पाहिलेला चित्रपट आवडला असेल तर 'मे गुस्तो' (शेवटच्या अक्षरावर जोर देऊन), आणि एखादी गोष्ट लहानपणी आवडायची असे सांगायचे असेल तर 'मे गुस्ताबा'. 'आवडला' आणि 'आवडायचा' यांतील फरक ज्याला उपजत कळतो, त्याला या दोन भूतकाळांवरची पानभर इंग्रजी टीप कशासाठी हवी, हे मला खरोखर समजत नाही.

मूळ लॅटिन 'गुस्तारे'चा अर्थ चव घेणे असा होता आणि त्यात चव घेणारा हाच कर्ता असे. स्पॅनिशमध्ये ही रचना पुढे फिरली. तरी 'गुस्तार दे' हा प्रयोग, ज्यात आवड बाळगणारी व्यक्ती कर्ता असते, पुस्तकी भाषेत अजून आढळतो. या लॅटिन धातूचे नाते संस्कृत 'जुष्' या धातूशी आहे, जो गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील 'अनार्यजुष्टम्' या शब्दात दिसतो. (मराठीतील 'जोश' मात्र फारसीतून आला आहे, त्याला या कुळात ओढू नये.)

मराठी जेथे साथ सोडते, तेथे सावध राहावे. 'आईला चहा आवडतो' हे 'आ मी माद्रे ले गुस्ता एल ते' असे होते, म्हणजे 'आईला' असे सांगून झाल्यावरही 'तिला' या अर्थाचा 'ले' पुन्हा घालावा लागतो. आपल्याला ती द्विरुक्ती वाटते आणि म्हणून तो 'ले' हमखास गळतो. स्पॅनिश कानाला मात्र त्यावाचून वाक्य लंगडे वाटते. तसेच 'एल', 'ला', 'लोस' ही उपपदे. मराठीत उपपदच नसल्यामुळे 'मे गुस्ता काफे' असे तोंडातून सहज निसटते, पण ते चूक आहे.

व्यक्तींच्या बाबतीत तर अधिकच जपावे लागते. 'मे गुस्तास' म्हणजे 'तू मला आवडतेस' किंवा 'आवडतोस', आणि त्यात मराठीप्रमाणेच प्रेमाची छटा असते. परंतु मराठीत 'आम्हाला त्या बाई फार आवडतात' असे शिक्षिकेविषयी निःशंकपणे म्हणता येते. तेच 'गुस्तार' वापरून म्हटले तर ऐकणारा भुवया उंचावण्याची शक्यता असते. अशा वेळी 'मे काए ब्येन' हा प्रयोग करावा, ज्याचा अर्थ ती व्यक्ती मला चांगली वाटते, तिच्याशी माझे जमते, असा होतो.

फार आवडते असे सांगायचे झाल्यास 'मे गुस्ता मुचो' म्हणता येते, किंवा 'मे एन्कांता'. या दुसऱ्या क्रियापदातच 'फार' आलेले असल्यामुळे त्याला पुन्हा 'मुचो' जोडत नाहीत. आणि काही हवे असल्यास नम्रपणे सांगण्यासाठी 'मे गुस्तारिया' आहेच: 'मे गुस्तारिया आप्रेन्देर एस्पान्योल', म्हणजे 'मला स्पॅनिश शिकायला आवडेल'. येथेही क्रियापद 'आवडेल'सारखेच एकवचनी राहते, मग पुढे शिकणे, वाचणे, बोलणे अशी कितीही क्रियापदे एकामागून एक येवोत.