एका कॉलमातली ऐट

माझ्या कपाटात एक निळी फाईल आहे. तिच्यात नाटकांच्या जाहिरातींची कात्रणं आहेत. त्यातली निम्मी नाटकंसुद्धा मी पाहिलेली नाहीत, काही तर माझ्या जन्माआधीच बंद पडली. पण काम अडलं की मी तीच फाईल काढते.

फाईल मुळात बाबांची. बाबा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. नाटकाचं वेड अफाट आणि पगार बेताचा. रविवारी चहा झाला की पेपरातलं नाटकांचं पान उघडून बसायचे आणि पेन्सिलीने खुणा करायचे. खुणा दहा, पण महिन्यातून एखादंच नाटक बघणं व्हायचं, तेही ठाण्याच्या गडकरी रंगायतनला, बाल्कनीतून. बाकीच्यांच्या जाहिराती कापून फाईलमध्ये. आई त्या फाईलला ‘उधारीची वही’ म्हणायची.

मी आता पाकिटं, डबे, लेबलं यांची डिझाइनं करते. ठाण्यातच, घराच्या पुढच्या खोलीत. ‘तुला सुचतं कुठून?’ असं कुणी विचारलं तर समोरच्याला काहीतरी मिलान, तोक्यो छापाचं उत्तर हवं असतं. मीही बरीच वर्षं तसंच उत्तर द्यायचे. पिंटरेस्टवर माझे चाळीसेक बोर्ड होते. सगळीकडे पांढरी जागा, कोपऱ्यात बारीकशी करडी अक्षरं. त्या नादात एका लोणच्याच्या बरणीचं लेबल इतकं सोज्वळ केलं, की दुकानदाराने बरणी औषधांच्या फळीवर ठेवली. तो बिचारा चुकला नव्हता.

तर नाटकांचं पान. ज्यांनी ते रविवार-रविवार वाचलंय त्यांना त्याची भाषा सांगायला नको. ‘शनि. दु. ४ गडकरी’, ‘रवि. रात्रौ ८.३० शिवाजी’. शिवाजी म्हणजे दादरचं शिवाजी मंदिर, कालिदास म्हणजे मुलुंड, दीनानाथ म्हणजे पार्ले. बाहेरच्या माणसाला वाटावं, ही कुणा मंडळींच्या भेटीची वेळापत्रकं आहेत. आणि ते ‘रात्रौ’! एरवी बोलण्यात कुणी रात्रौ म्हणत नाही, पण नाटकाला रात्री जायचं म्हटलं की ती रात्रौच असते.

पेपरातली जागा तेव्हा कॉलम-सेंटिमीटरवर, म्हणजे किती कॉलम रुंद आणि किती सेंटिमीटर उंच यावर विकली जायची. म्हणजे निर्मात्याच्या खिशातला प्रत्येक सेंटिमीटर मोजलेला. एका कॉलमाच्या रुंदीत संस्थेचं नाव, नाटकाचं नाव, लेखक, दिग्दर्शक, पाच-सहा नट, तीन-चार प्रयोगांच्या तारखा. फोटोला जागा असलीच तर टिकलीएवढी, आणि जुन्या छपाईत तोही काळा ठिपकाच व्हायचा. मग नेपथ्य, प्रकाश, संगीत हे सगळं कोण करणार? नाटकाच्या नावाची अक्षरं.

इथे कमल शेडग्यांचं नाव घेतलंच पाहिजे. टाइम्स ऑफ इंडियाच्या कला विभागात त्यांनी बरीच वर्षं नोकरी केली आणि शेकडो नाटकांची नावं हाताने रेखाटली. नाटकागणिक अक्षरं वेगळी. फार्स आहे की ऐतिहासिक हे नाव वाचायच्या आधी कळायचं, कारण शिरोरेषाच वेगळी चालायची. कुठे ती मोडायची, कुठे नुसती सुचवलेली असायची. बाबा तर नावं वाचायचेच नाहीत. ओळखीचा माणूस फलाटावर लांबून ओळखावा तसं आकारावरून नाटक ओळखून पुढे जायचे, थेट तारखेवर. मला यातलं मर्म खूप उशिरा कळलं. मोठ्या पोस्टरवर रुबाब दाखवणं एक वेळ जमतं. ते अक्षर चार सेंटिमीटरवर आणलं, घाणेरड्या न्यूजप्रिंटवर शाई फुटली, तरी ओळखू आलं पाहिजे, ही खरी परीक्षा.

सगळ्याच जाहिराती थोर होत्या अशातला भाग नाही. भुताच्या नाटकाच्या प्रत्येक अक्षरातून रक्त ठिबकवणारे महाभागही त्याच पानावर असायचे. फाईलमध्ये असे अकरा नमुने आहेत, मी मोजलेत.

शेडगे २०२० च्या जुलैमध्ये गेले. तेव्हा मार्चपासून नाट्यगृहं बंद होती. ज्या पानावर त्यांचं काम लोकांनी इतकी वर्षं पाहिलं, ते पानच त्या दिवसांत येत नव्हतं. बाबांनी बातमी वाचली, उठले, फाईल काढली आणि दुपारभर बाल्कनीत बसून राहिले. त्यानंतर फाईल माझ्याकडे आली.

अक्षरांचा विषय निघालाच आहे तर र. कृ. जोशींबद्दलही. जाहिरात क्षेत्रातले आर्ट डायरेक्टर, मग पवईच्या आयआयटीत शिक्षक, कवी, सुलेखनकार. तुम्ही विंडोजवर कधी मराठी टाइप केलं असेल तर त्यांची अक्षरं तुमच्या बोटांखालून गेली आहेत. ‘मंगल’ हा फॉन्ट त्यांनी केलेला. तो पडद्यावर वाचण्यासाठी होता. आपण तो फ्लेक्सवर वाढदिवसाच्या शुभेच्छांसाठी दहा फुटी करून लावला, यात जोशीसरांचा दोष नाही.

आणि फॉन्ट हाताशी आला म्हणून अक्षर आपोआप नीट उमटतं असंही नाही, हे मी पदरचे पैसे घालून शिकले आहे. फराळाच्या एका कामात सॉफ्टवेअरमधली भारतीय लिप्यांची सेटिंग चालू करायला विसरले. ‘चिवडा’मधली वेलांटी आपली जागा सोडून ‘च’च्या उजवीकडे जाऊन बसली. पडद्यावर मी शंभर वेळा पाहिलं असेल, पण डोक्यात चिवडा असल्यामुळे डोळ्यांनी चिवडाच वाचला. पाचशे स्टिकर छापून आले. गिऱ्हाइकाच्या सात वर्षांच्या मुलाने पाकीट हातात घेतलं आणि म्हणाला, ‘आई, हे काय लिहिलंय?’

आता कापडाकडे येते, कारण फाईलच्या जोडीला माझ्या टेबलावर आजीचा एक चोळीचा खण असतो, त्रिकोणी घडी घातलेला. आजी निपाणीकडची. तिच्या ट्रंकेत ओटीत आलेले खण साठलेले असायचे. काही तिने नेसत्या वयात चोळ्यांना वापरले, काही पुढच्या बायकांच्या ओटीत फिरवले. हा एक राहिला. जांभळट लाल, काठ पिवळा, अंगभर बारीक नक्षी.

खण विणला जातो बागलकोटजवळच्या गुळेदगुड्डला आणि पिढ्यान्‌पिढ्या वापरला गेला आपल्याकडे. त्याचा पन्हा, म्हणजे रुंदी, साधारण ३१-३२ इंच, कारण तो साडीसाठी नव्हताच. एका चोळीपुरतं कापड म्हणजे खण, हिशेब मीटरचा नाही. नक्षी ताण्याच्या, म्हणजे उभ्या, जादा धाग्यांतून उठते, म्हणून बुट्टी बारीक आणि उभ्या रांगांत चालते. चोळी शिवताना काठ बाहीच्या टोकाला येईल असा बेतायचा. आजीच्या चोळीत वाया गेलेली चिंधी शोधून सापडली नसती. कापड अरुंद, नक्षी लहान, अंगावर दिसणारा भाग वीतभर. पण साध्या इरकल साडीवर ती चोळी घालून आजी निघाली की गल्लीत मान वळायची. मला नाटकाच्या जाहिरातीत आणि या चोळीत एकच हात दिसतो. जागा थोडी आहे हे आधी मान्य करायचं, आणि मग तिथे ऐट करायची.

गेल्या काही वर्षांत खणाची लाट आली. खणाच्या साड्या, पर्सा, कानातली, तोरणं, वह्यांची कव्हरं. साडी वाईट दिसते असं नाही. पण एकाच हळदीकुंकवाला चौदा खणाच्या साड्या बघितल्यावर नक्षी दिसेनाशी होते, नुसता गणवेश दिसतो. पॉलिस्टरवर छापलेल्या ‘खणा’बद्दल मी काही बोलत नाही, रक्तदाब आहे.

मात्र एक गोष्ट मनात राहिली. दोन वर्षांपूर्वी एका मैत्रिणीने साधा काळा ब्लेझर घातला होता. ऑफिसचा, कडक, काही विशेष नाही. लोकलमध्ये गरम झालं म्हणून तिने तो काढून हातावर टाकला आणि आतून हिरवाकंच खण! अस्तर. तिच्या आईच्या लग्नातले खण जोडून शिवून घेतलेलं. बाहेरून कुणाला पत्ता नाही. घाटकोपरपासून ठाण्यापर्यंत मी त्या अस्तराकडेच बघत होते. घरी येऊन हातातल्या दिवाळीच्या फराळाच्या डब्याचं डिझाइन फेकून दिलं. डबा बाहेरून साधा खाकी ठेवला, वर फक्त नाव. झाकण उचललं की झाकणाच्या आतल्या बाजूला खणाची बुट्टी. छपाईचा खर्च वाढला म्हणून गिऱ्हाईक कुरकुरलं. डबे गेल्यावर त्यांनीच सांगितलं, की लोक खाऊ संपल्यावरही डबा टाकत नाहीत, त्यात सुयादोरे ठेवतात. मला याहून मोठं बक्षीस नको.

जाहिरातींमध्ये ‘अमूल’च्या होर्डिंगचं कौतुक सगळेच करतात, मी त्यात नवीन काय भर घालणार? १९६६ पासून ती ठिपक्यांच्या फ्रॉकमधली मुलगी आहे. सिल्व्हेस्टर डाकुन्हा आणि चित्रकार युस्टेस फर्नांडिस यांनी तिला जन्म दिला. तिच्या कोट्या कधी खुसखुशीत असतात, कधी ओढूनताणून. मला कोट्यांपेक्षा तिची शिस्त आवडते. राजकारण असो की क्रिकेट, चौकट तीच, चेहरा तोच, वर एक ओळ आणि खाली लोणी. सिग्नल सुटायच्या आत बसमधल्या माणसाचं वाचून झालं पाहिजे. नाटकाच्या पानावरचं गणितही असंच होतं. तिथे सेंटिमीटर मोजायचे, इथे सेकंद.

हे सगळं आठवायला निमित्त झालं एका मेतकुटाचं. डोंबिवलीच्या एक काकू घरी मेतकूट, भाजणी, चटण्या करतात. शंभर ग्रॅमची पाकिटं. लेबल सहा बाय नऊ सेंटिमीटर. काकूंना त्यावर काय काय हवं होतं? गणपती, त्यांचा स्वतःचा फोटो, मऊ भाताची वाटी, तुपाची धार, ‘आजीच्या हातची चव’, मुलाचा आणि सुनेचा असे दोन फोन नंबर. शिवाय कायद्याने लागणारा मजकूर वेगळा: परवान्याचा चौदा आकडी नंबर, वजन, किंमत, तारीख, घटक, शाकाहारीचा हिरवा ठिपका.

‘काकू, एवढ्यात मावणार नाही हो.’

‘अगं, अक्षर बारीक कर ना. मला चष्मा आहे, पण बाकीच्यांना दिसेल.’

मी फाईल काढली. काकूंसमोरच टेबलावर पसरली. काकू मूळ कामाला विसरल्या. हे आम्ही शिवाजीला पाहिलं, यात तो अमका होता, याच्या मध्यंतरात आमच्या ह्यांनी बटाटेवडा सांडला. अर्धा तास गेला. मग मी म्हटलं, ‘बघा, यातल्या एकाही जाहिरातीत वडा नाही, तरी तुम्हाला आठवला.’

त्यांनी गणपती सोडला. फोटो सोडायला आणखी दोन दिवस आणि सुनेची मदत लागली.

मग ‘मेतकूट’ हा शब्द घेऊन बसले. हाताने, ब्रश आणि काळ्या शाईने, चुकलं तिथे पांढरा पोस्टर कलर. पहिला विचार आला तो ‘कू’च्या उकारातून वाफ काढायचा. कुणालाही सुचला असता म्हणून टाकला. तिसऱ्या दिवशी ‘मे’वरच्या मात्रेकडे लक्ष गेलं. तिरकी, शिरोरेषेतून वर निघालेली, अगदी डब्यात खुपसून ठेवलेल्या चमच्याच्या दांडीसारखी. पूर्ण चमचा काढायचा मोह झाला, आवरला. फक्त मात्रेचं टोक थोडं रुंद आणि गोल केलं. शिरोरेषा जाड, सलग. पिवळ्यावर एकच रंग, गडद तपकिरी. नाव लेबलाच्या अर्ध्या उंचीचं, आणि खाली बाकीचा मजकूर नाटकातल्या नटांच्या नावांसारखा ओळीने मधोमध: हरभरा डाळ, तांदूळ, उडीद डाळ, हिंग, हळद.

काकूंनी नमुना हातात घेऊन लांब धरला, चष्मा वर केला. ‘हा चमचा आहे ना गं?’

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन. ‘अगं, आमच्या ह्यांनी पाकीट बघितलं आणि विचारलं, प्रयोग कुठे आहे?’

प्रयोगही झाला. गेल्या महिन्यात ठाण्यात एका प्रदर्शनात त्यांनी स्टॉल घेतला, तेव्हा हँडबिल मी तसंच केलं. एका कॉलमाचं, काळं-पांढरं. वर ‘मेतकूट’, खाली ‘शनि. व रवि. स. १० ते रात्रौ ९’. बाबांनी त्यातलं एक फाईलमध्ये लावून ठेवलंय, पेन्सिलीची खूण करून.

काकूंनी माझ्याकडून ‘हाऊसफुल्ल’ची पाटीही करून घेतली होती, माल संपला की स्टॉलवर टांगायला. रविवारी रात्रौ साडेआठला अजून अकरा पाकिटं उरली होती. काकूंनी ती स्वतःच विकत घेतली, बहिणींना वाटायला, आणि पाटी लावली.