रिचर्ड डेल, सुतार

मँचेस्टरहून निघालो तेव्हा पाऊस भुरभुरत होता. काँगलटन मागे टाकल्यावर थोड्याच वेळात चेशायरच्या कुरणांमध्ये लिटल मोर्टन हॉल दिसला. खंदकाच्या पाण्यावर कललेलं, काळ्या-पांढऱ्या नक्षीचं लाकडी घर. कुठे पोट पुढे आलेलं, कुठे कंबर खचलेली, एकही रेष सरळ नाही.

मोर्टन हे इथले जमीनदार. 1504 च्या सुमारास बांधकाम सुरू झालं आणि पुढच्या पिढ्या 1610 पर्यंत घर वाढवत राहिल्या. सगळा भार ओकच्या सांगाड्यावर. लाकडात लाकूड अडकवायचं, वरून लाकडीच खुंटी ठोकायची. चौकटींच्या मधल्या जागेत काटक्या विणून त्यावर माती लिंपायची. म्हणजे आपल्या कोकणातला कूडच! इतक्या लांब येऊन ओळखीचं माणूस भेटावं, तसं झालं.

घर वाकलं ते वरच्या लाँग गॅलरीमुळे. 68 फूट लांबीचं हे दालन पावसाळी दिवसांत फेऱ्या मारायला, खेळायला. भिंतींवरच्या लाकडी फळ्यांमागे टेनिसचे जुने चेंडूही सापडलेत. ही गॅलरी आणि तिच्यावरच्या जड दगडी फरश्यांचं छप्पर पेलताना खालचा मजला दबत गेला. चालताना जमीन पायाखाली चढते-उतरते.

गॅलरीच्या एका टोकाला गिलाव्यात नशिबाची देवता तिच्या चाकासह उभी आहे. त्या चाकाने मोर्टनांनाही सोडलं नाही. राजा आणि संसद यांच्यातल्या इंग्लंडच्या यादवी युद्धात ते राजाच्या बाजूने राहिले आणि 1643 मध्ये संसदेच्या पक्षाने मालमत्ता जप्त केली. ती परत मिळाली, पण सोबत कर्जही आलं. पुढे घर कुळांकडे गेलं. नव्या पद्धतीने बांधायला पैसाच उरला नाही, म्हणून मला वाटतं, हे जुनं रूप टिकलं. 1938 मध्ये ते नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आलं. घर फिरलं की वासेही फिरतात म्हणतात. इथे घराणं फिरलं, वासे मात्र जागच्या जागी राहिले.

निघताना चौकातल्या मोठ्या खिडक्यांखाली थांबलो. वर कोरलंय: या खिडक्या विल्यम मोर्टनने 1559 मध्ये करवल्या. आणि त्याच लाकडावर, रिचर्ड डेल सुताराने देवाच्या कृपेने घडवल्या.

माझे पणजोबा सुतार होते. त्यांनी उभारलेल्या एकाही घरावर त्यांचं नाव नाही. पाऊस वाढला तरी मी ते नाव पुन्हा पुन्हा वाचत राहिलो.